छत्तीस गुणांची बीएसए

जुनी ब्रिटिश मोटरसायकल चालवणारी माणसं वेगळी आणि तिचे नंबर शोधणारी वेगळी. चालवणारे निदान वारा तरी खातात. नंबरवाले हातात टॉर्च आणि थिनरचं बोळकं घेऊन गाडीशेजारी आडवे पडलेले असतात. चेसिस नंबर कुठल्यातरी कोपऱ्यात, केबलच्या गुंत्यामागे, रंगाच्या पुटांखाली दडलेला असतो. आकडे दिसू लागले की वर कागद ठेवून पेन्सिल घासायची. पुण्याच्या आरटीओबाहेर एजंट हे काम चहा पिता पिता उरकतो. इथे बर्मिंगहॅममध्ये निवृत्त इंजिनिअर त्यासाठी अख्खा शनिवार राखून ठेवतात, आणि घरच्यांना तो शनिवार चांगला गेला असं वाटतं.

या नादाला ही जागा फारच वाईट. स्मॉल हीथला बीएसएचा कारखाना होता, कव्हेंट्रीजवळ मेरिडनला ट्रायम्फचा, रेडिचला रॉयल एनफिल्डचा. कारखाने गेले, पण नोंदवह्या उरल्या. १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयात त्यातल्या बऱ्याच जपून ठेवल्या आहेत. अमुक नंबरची गाडी अमुक तारखेला अमुक गावच्या डीलरकडे रवाना, अशा ओळीच्या ओळी.

"अरे, तुला तुझ्या पणजोबांचं नाव आठवत नाही," बायको म्हणाली, "आणि १९५७ साली तुझी ही गाडी कुठल्या दुकानात गेली, ते शोधतोयस?"

पणजोबांवर नंबर ठोकलेला नव्हता, त्याला मी काय करणार?

ट्रायम्फवाल्यांचं त्या मानाने बरं. १९६९पासून त्यांनी नंबराआधी दोन अक्षरं टाकायला सुरुवात केली. पहिलं महिन्याचं, दुसरं मॉडेलच्या वर्षाचं. महिन्यांची अक्षरं ए, बी, सी, डी, ई अशी शहाण्यासारखी जातात, मग एफ गाळून जी येतं आणि डिसेंबरला तर थेट एक्स. नंबरावर 'केई' असेल तर गाडी सप्टेंबर १९७०मध्ये तयार झाली, पण मॉडेल १९७१चं. कारखान्याचं मॉडेलचं वर्ष उन्हाळा सरतानाच सुरू व्हायचं. कोणी कानशीने जुना नंबर घासून नवा ठोकू नये म्हणून इंजिनावरच्या त्या जागेवर 'ट्रायम्फ' हे नाव बारीक अक्षरांत पुन्हा पुन्हा उठवलेलं असे. घासलं की नावही जातं आणि चोर पकडला जातो.

बीएसएची गोष्ट निराळी. मुळात ही बंदुका करणारी कंपनी, १८६१ची. मोटरसायकली करताना त्यांनी इंजिनाला एक नंबर दिला, चेसिसला दुसरा, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या दोघांचा एकमेकांशी मेळ बसावा असं त्यांना कधी वाटलं नाही. गोल्ड स्टारचंच घ्या. वॉल्टर हँडली नावाच्या स्वाराने १९३७ साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर बीएसएवरून ताशी शंभर मैलांपेक्षा जास्त वेगाने फेरी मारून सोन्याचा तारा मिळवला, त्यावरून हे नाव पडलं. पुढच्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या ५०० सीसी गोल्ड स्टारच्या इंजिनावर 'डीबीडी ३४' असतं आणि चेसिसवर 'सीबी ३२'. दोन्हींची घराणी वेगळी, आकडे वेगळे. तरी संसार अस्सल. कारण कुठलं इंजिन कुठल्या चेसिसमध्ये बसलं, ते कारखान्याच्या वहीत लिहिलेलं आहे.

पण गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? त्याने कुठेतरी वाचलेलं असतं की इंजिन आणि चेसिसचे नंबर जुळले पाहिजेत. तो पत्रिका घेऊन बसलेल्या वरपित्यासारखा छत्तीसच्या छत्तीस गुण मागतो. आणि मागणी आली की गुण जुळवून देणारे गुरुजीही निघतात. हातोडी आणि नंबरचे पंच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. परिणाम असा की पन्नासच्या दशकातल्या बीएसएवर दोन्हीकडे अगदी एकच नंबर दिसला, तर जाणकार माणूस आधी सावध होतो. मग तो आकड्यांचं वळण बघतो. सातचा पाय किती तिरका, तीनचं डोकं गोल की सपाट. एक म्हातारे गृहस्थ स्टॅफर्डच्या प्रदर्शनात भिंग लावून बराच वेळ एका आठाकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "हा आठ बर्मिंगहॅमचा नाही." विक्रेत्याने गाडीवर ताडपत्री ओढली.

नंबरप्लेटचा इतिहास हे वेगळंच पुराण. १९०४पासून इथल्या गाड्यांना नंबर आहेत, पण १९७४पर्यंत त्यांच्या नोंदी जागोजागच्या कौन्सिलांकडे असत. मग सगळं स्वान्सीच्या एका कचेरीत गेलं. १९८३ साली त्यांनी जाहीर केलं की ज्या जुन्या गाड्या अजून कॉम्प्युटरवर चढलेल्या नाहीत, त्यांची मुदत संपली. शेडमध्ये झोपलेल्या हजारो मोटरसायकली रातोरात बेनाम झाल्या. कौन्सिलांच्या वह्यांपैकी काही अभिलेखागारांत पोचल्या, बऱ्याचशा रद्दीत.

तो नंबर परत मिळवायचा तर जुनं लॉगबुक किंवा तशी एखादी वही दाखवून सिद्ध करावं लागतं की हाच नंबर याच चेसिसचा. आणि परत मिळाला तरी सरकार बजावून ठेवतं की तो विकायचा नाही, दुसऱ्या गाडीला लावायचा नाही. कारण लहानसा जुना नंबर मर्सिडीजवर लावायला लोक मोटरसायकलीपेक्षा जास्त पैसे मोजतात. पुरावा नसेल तर वयाला शोभेलसा दुसरा नंबर मिळतो, तोही कधीकधी एखाद्या चिमुकल्या स्कॉटिश परगण्याच्या अक्षरांचा. स्मॉल हीथ सोडून कुठे न गेलेली बीएसए एकदम स्कॉटिश होते.

जुनं लॉगबुक सापडलं तर मात्र कादंबरीच. मालक, पत्ते, दर वर्षीच्या कराचे शिक्के, काळ्याची लाल केल्याची नोंद. माझ्या गाडीच्या लॉगबुकात एका मालकाने ती अकरा दिवसांत विकली आहे. लग्न ठरलं असणार, असा माझा अंदाज. "की ती सुरूच झाली नसेल?" हा बायकोचा. तिच्या अंदाजाला माझ्या गाडीचा रोजचा दुजोरा आहे.

हे सगळं ज्ञान घेऊन मी फोनवर काकांशी बोललो. काकांकडे पुण्यात बीएसए एम २० आहे, युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्यांपैकी. युद्धकाळात या गाड्या सव्वा लाखाहून जास्त बनल्या, नंबराआधी 'डब्ल्यूएम २०' ठोकलेल्या. त्यातल्या पुष्कळ भारतात येऊन तिथेच राहिल्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आपल्याकडे २०२१ साली विंटेजचा नियम आला, तेव्हापासून काका अर्ज भरायच्या गोष्टी करतायत.

"इंजिन, चेसिस, दोन्ही नंबर तंतोतंत एक!" काका म्हणाले.

"काका, म्हणूनच शंका येते. जुन्या बीएसएचे नंबर सहसा एक नसतातच."

"नसतील. आपल्या मिस्त्रीने करून दिले. इंजिन बदललं तेव्हा म्हणाला, वेगवेगळं कशाला ठेवता, साहेब लोक हरकत घेतात. दहा रुपयांत सगळे आकडे."

मी त्यांना कारखान्याच्या वह्या, आकड्यांचं वळण, सगळं सविस्तर सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं.

"हे बघ," ते म्हणाले, "माझी जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. तिच्यावर नोकरी झाली, पेन्शन चालू आहे, परवा तुझ्या काकूने केकसुद्धा आणला. तू फॉर्म भरायला कधी येतोस तेवढं सांग."