लग्न, दंगा आणि बोथम

(वेम्बली. नाताळ नुकताच उरकलाय, साल १९८१. दोन अंगणं, मध्ये लाकडी कुंपण.)

"काकू, एवढ्या थंडीत बाहेर?"

"आत बसवत नाही गं. आमच्या कार्टीनं सकाळपासून ते ह्यूमन लीगचं गाणं लावून डोकं उठवलंय."

"पहिल्या नंबरावर आहे ना ते! त्यातल्या दोघी पोरी शेफिल्डच्या डिस्कोत नाचत होत्या म्हणे, शाळकरी वयाच्या. त्या एका बाजूनं लांब केस ठेवलेल्या बाबानं पाहिलं आणि थेट बँडमध्येच घेतलं."

"आणि आईबापांनी पाठवलं? धन्य आहे! नाहीतर ते बक्स फिझ. जानेवारीत चौघं गोळा केले, एप्रिलमध्ये डब्लिनला युरोव्हिजन जिंकून मोकळे."

"पोरींचे झगे भर स्टेजवर ओढून काढले तेव्हा तुम्ही टीव्ही बंद केलात."

"आत आखूड स्कर्ट आहेत हे मला काय ठाऊक? चार गुणांनी जिंकले. त्यातले तीन त्या झग्यांचे."

"आमचे दीर कॉव्हेंट्रीत असतात ना, ते म्हणतात गाणं ऐकावं तर स्पेशल्सचं. कारखाने बंद, संध्याकाळी रस्त्यावर कुत्रं नाही, सगळं खरं सांगितलंय त्यात. इकडे लिव्हरपूलचं टॉक्स्टेथ पेटलेलं आणि हे 'घोस्ट टाऊन' पहिल्या नंबरावर!"

"आणि लगेच घर फुटलं की त्यांचं. तिघं बाहेर पडले, वेगळी चूल मांडली. यश आलं की भाऊबंदकी आलीच."

"बोथमचं उलटं झालं बघा. लॉर्ड्सला दोन्ही डावांत भोपळा, कप्तानी गेली. परतताना पॅव्हिलियनमधल्या म्हाताऱ्यांनी साधी टाळी वाजवली नाही."

"आणि पुढची हेडिंग्ली! आमच्या ह्यांनी चहा थंड केला तीन वेळा. फॉलोऑन, सात बाद १३५, गड्यांनी हॉटेलच्या खोल्यासुद्धा सोडल्या होत्या. बोर्डावर इंग्लंडचा भाव एकाला पाचशे! आणि हा पठ्ठ्या नाबाद १४९. वर विलिसनं ४३ धावांत आठ जण कापले. १८ धावांनी जिंकले बाई!"

"त्या भावाला पैसे लावले म्हणे कोणी… ऑस्ट्रेलियाच्याच लिली आणि मार्शची नावं कुजबुजतात लोक."

"स्वतःच्याच टीमच्या विरुद्ध? शिव शिव! पण सांग, किती लावले?"

"दहा आणि पाच पौंड."

"एवढेच? मग ती गंमत झाली. शंभर लावले असते तर पाप."

"मग आठवड्यात डायनाचं ते लग्न. पंचवीस फुटी शेपटीचा झगा वडिलांसकट बग्गीत कोंबला, उतरली तेव्हा नुसत्या चुण्याच चुण्या. त्यात नवऱ्याच्या नावांची उलटापालट. आपल्याकडे उखाण्यात असं झालं असतं तर!"

"सासूनं जन्मभर ऐकवलं असतं. पण तुझ्या बोथमला खरं उत्तर आमच्या सुनीलनं दिलं हो. वानखेडेवर इंग्लंडला १०२ मध्ये गुंडाळलं, १३८ धावांनी विजय."

"आणि मग बंगलोरला १७२ करायला जवळजवळ बारा तास घेतले तुमच्या सुनीलनं. दिल्लीलाही ड्रॉ."

"एक मॅच खिशात असली की खिडक्या-दारं लावूनच घ्यायची. तुम्हा पुणेकरांना कळायचं नाही. ते जाऊ दे. डायनाला जूनमध्ये दिवस भरताहेत ना? जुलैत लग्न आणि नोव्हेंबरात पेपरात बातमी. मोज बरं बोटांवर."

"मोजलेत मी. बसतंय बरोबर."

"बसतंय का? मग ठीक."