दोन फुटी उंबरा

मुंबईत हिंदमाताजवळ तळमजल्यावर राहतो म्हटलं की जून ते सप्टेंबर लोक माझी तब्येत विचारल्यासारखी चौकशी करतात. उरलेले आठ महिने हेवा करतात.

हा भाग म्हणजे बशी. आजूबाजूचा पाऊस उतरत उतरत मध्यभागी येतो आणि तिथे मी राहतो. मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. भरतीच्या वेळी समुद्र आपलंच पाणी सांभाळत असतो, आपलं कुठून घेणार? 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाच मी शपथ घेतली: आता दारातून थेंब आत येऊ द्यायचा नाही. आणि दोन फुटी उंबरा बांधला.

दिवाळीला आत्या आली. एक पाय आत, एक बाहेर अशा अवस्थेत तिने विचारलं, ‘‘अरे, हा उंबरा आहे की सिंहगड?’’ मी म्हटलं, ‘‘आत्या, पावसात ये, मग कळेल.’’

तो पाऊस पुढच्याच जुलैत आला. रस्त्यावर दीड फूट पाणी. पाण्याच्या वर उंबऱ्याची सहा इंच कोरडी विजयपताका. मी खिडकीत चहा पीत उभा. शेजाऱ्यांच्या चपला समोरून एकेक वाहत जाताना पाहून जो आनंद होतो तो शब्दांत सांगू नये.

इतक्यात आतून आवाज आला, ‘‘अहो, मोरीत कोणी आहे का?’’

कोणी नव्हतं, पण गुळण्या करत होतं. नहाणी ट्रॅपची जाळी थरथरली, बुडबुडे आले, मग झुरळांनी सहकुटुंब स्थलांतर केलं आणि त्यांच्या मागून काळं पाणी वर आलं. आईने पाटा आणून जाळीवर ठेवला, वर वरवंटा. पाणी थांबलं. दोन मिनिटांनी कमोड बोलू लागला.

संध्याकाळी प्लंबर गुडघाभर पाण्यातून आला. उंबऱ्याकडे आदराने पाहून म्हणाला, ‘‘काका, पाणी काय बेल वाजवून येणार हाय?’’ मग त्याने समजावलं. पावसाची गटारं वेगळी आणि मैल्याची लाइन वेगळी, हे कागदावर. रस्ता बुडाला की चेंबरच्या झाकणातून दोघांची गाठ पडते. बाहेर पाणी दीड फूट, आमची मोरी रस्त्याच्या पातळीला आणि मधे पाइप. पाण्याला दार कळत नाही, पातळी कळते. घरातलं सगळ्यात खालचं तोंड ते शोधतं.

एक कोडं उरलं होतं. त्या काळ्या पाण्यावर मधूनच पांढरा फेस येत होता आणि त्याला चंदनाचा वास होता. वरच्या मजल्यांचा पाइप आमच्याच लाइनला मिळतो, हे तेव्हा उलगडलं. भिजल्या लेंग्यानिशी तिसऱ्या मजल्यावर गेलो. ‘‘वहिनी, जरा वेळ अंघोळी नकोत.’’

‘‘तुमच्या घरात पाणी आलंय म्हणून आम्ही पारोसं राहायचं?’’

‘‘वहिनी, ते तुमचंच आहे.’’

औषध एकच होतं: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाइपात एक झडप. घरातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. बाहेरचं उलटं आलं की ती मिटते. खरी गोम जागेची. वरच्यांचं पाणी मिळाल्यावर पुढे कुठेतरी ती बसवली, तर मिटल्या झडपेशी अख्ख्या इमारतीचं पाणी अडतं आणि आमच्या मोरीतून वर येतं. म्हणून तळमजल्याची लाइन वेगळी काढून थेट चेंबरला जोडायची आणि झडप फक्त तिच्यावर. सोसायटीच्या तीन सभा झाल्या. वरच्या मजल्यांचं एकमुखी मत पडलं की त्यांच्याकडे कधी पाणी येत नाही. खर्च मी केला.

पुढच्या वर्षी मोरी पुन्हा बोलली. प्लंबरने झडप उघडली. तिच्या ओठात नारळाची शेंडी आणि केसांचा गुंता. चंदनी वास शोधला, नव्हता. लाइन आता आमची एकट्याची होती, शेंडीही आमचीच.

तेव्हापासून मेच्या शेवटच्या रविवारी मी हातमोजे घालून झडप धुतो, बोटाने हलवून बघतो. भर पावसात भरती असली की आम्हीही मोरीत तांब्याभर पाणी ओतत नाही, कारण मिटलेल्या झडपेला आपलं-परकं कळत नाही. तुम्ही तळमजल्यावर असाल तर झडप बसवा, नारळाची शेंडी कचऱ्यात टाका आणि वरच्या वहिनींशी मेपर्यंत गोडीने वागा.

उंबरा अजून तसाच आहे. त्यावरून आजवर फक्त आत्या पडली. पाणी एकदाही आलेलं नाही.