झोन आपल्याकडंच येतोय

लातूर-नांदेडकडच्या बीजीएमआय या मोबाइल खेळाच्या संघात चार गडी असतात. एक असॉल्टर. तो सगळ्यांत आधी धावून जातो आणि सगळ्यांत आधी मरतो. एक स्नायपर. तो लांबच्या टेकडीवर पालथा पडून आठ एक्सच्या दुर्बिणीतून जगाकडं बघतो. एक सपोर्ट. बाकीच्यांची औषधं आणि धुराचे गोळे त्याच्या पाठीवर असतात आणि जिंकल्यावर त्याचं नाव कुणी घेत नाही. चौथा आयजीएल, म्हणजे इन-गेम लीडर. हा स्वतः फारसं कुणाला मारत नाही. आपल्यापैकी कुणी, कुठं आणि कधी मरायचं, एवढं ठरवतो.

माझा भाचा सपोर्ट आहे, म्हणून या मंडळींचा मी आपोआप मामा झालो. संघ बदलले, संघांची नावं तर पंधरवड्याला बदलली, पण आयजीएल म्हणाल तर एक झाकावा आणि दुसरा काढावा. वय 19 ते 22. उजव्या करंगळीवर फोन टेकवून टेकवून पडलेली खाच. अंगठ्यांवर चंदेरी कापडाच्या टोप्या. कानात वायरचेच इअरफोन, कारण ब्लूटूथवर शत्रूची पावलं उशिरा ऐकू येतात. घरात डोळ्यांसमोर दूध उतू गेलेलं याला दिसत नाही, पण 300 मीटरवरच्या खिडकीत हललेलं हेल्मेट दिसतं. घरी हा शेंडेफळ. 'जा रे, दळण घेऊन ये' म्हटलं की पायात चपला सरकवून निघतो. खोलीचं दार लावलं की तीन माणसं याच्या शब्दावर डोंगर चढतात. सगळ्या जगात याचं ऐकलं जातं अशी ही एवढीच जागा, आणि ती त्याला पुरते.

या जातीची पेरणी 2016 साली झाली. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आलं. त्या गाडीला 'जलदूत' म्हणत. सप्टेंबरात जिओ आलं. नळ कधी येईल हे महापालिकेलाही सांगता येत नव्हतं अशा घरांत डेटा चोवीस तास येऊ लागला. 2018 च्या मार्चमध्ये पबजी मोबाइल आलं, आणि घागरी मोजत मोठी झालेली पोरं बंदुकीच्या गोळ्या मोजायला लागली. काटकसर अंगात मुरलेली असल्यामुळं आमच्याकडचा सपोर्ट अजूनही एका बँडेजवर सामना काढतो.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. विमानातून बेटावर उड्या टाकायच्या, घराघरांतून बंदुका वेचायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. बेटाभोवती एक निळी भिंत असते आणि ती टप्प्याटप्प्यानं आत सरकते. भिंतीच्या आतला भाग म्हणजे झोन. बाहेर राहिलं की जीव गळत जातो. पुढचा झोन कुठं पडेल याचा अंदाज बांधून आपली माणसं आधीच तिथं नेऊन बसवणं, हे आयजीएलचं खरं काम. याला रोटेशन म्हणतात. स्पर्धेच्या लॉबीत 16 संघ असतात. नव्या गड्याला आमचा आयजीएल हे सगळं गंजगोलाईवर समजावतो. "गोलाईला रस्ते किती? सोळा. सोळा रस्त्यांनी सोळा टोळ्या निघाल्या. शेवटी सगळ्यांना देवीच्या देवळापाशीच यायचंय. मग शहाणा कोण? जो आधी येऊन कट्ट्यावर बसला तो."

तत्त्व बिनचूक आहे. अडचण एवढीच की कट्टा कुठला, हे याला आधीच ठाऊक असतं. विमानातून उडी टाकायच्या आधीच तो जाहीर करतो, "झोन आपल्याकडंच येतोय." कशावरून, असं विचारायचं नसतं. बेटावरच्या पोचिन्की गावातल्या एका दुमजली घरात चौघं दबा धरून बसतात. झोन उत्तरेला जातो. "येईल. वळून येईल." झोन आणखी उत्तरेला जातो. मग तीन किलोमीटर उघड्या माळावरून एका डुगडुगत्या डाशिया मोटारीत चौघं पळतात आणि वाटेत सोळांपैकी पाच संघ त्यांच्यावर हात साफ करून घेतात. मेल्यावर आयजीएल शांतपणे म्हणतो, "आपला कॉल बरोबर होता. झोन चुकला."

चौघं एका गावचे क्वचितच असतात. आमचा आयजीएल आणि भाचा लातूरचे, स्नायपर अहमदपूरचा, असॉल्टर नांदेडला भाग्यनगरात खोली करून नीटची तयारी करतो, म्हणजे तसं घरी सांगितलेलं आहे. वर्ष वर्ष हे एकमेकांना भेटलेले नसतात, पण एकमेकांच्या घरातलं सगळं यांना ठाऊक असतं, कारण माइक चालूच असतो. स्नायपरच्या घरची म्हैस कधी ओरडते, असॉल्टरच्या मेसचा डबा किती वाजता येतो, भाच्याच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्यांना वरण होतं, हे आयजीएलला तोंडपाठ. सामन्यांच्या वेळा तो यावरूनच ठरवतो. "आठला नको, आठला अहमदपूरला धार काढायचा टाइम हाय." एकदा शेवटच्या वर्तुळात दोन संघ उरले होते. जिवाचे कान करून पावलं ऐकायची वेळ. तेवढ्यात चौथ्या माइकवरून खणखणीत आवाज आला, "आरे, भाकर खाऊलालास का कुत्र्याला टाकू?" चौघंही दचकून एकदमच उभे राहिले. त्या माउलीचा आवाज शत्रूच्या मशिनगनपेक्षा जास्त बसला. पुढं महिनाभर संघात कुणी ढिलेपणा केला की आयजीएल फक्त 'भाकर' म्हणायचा.

याची हुकूम द्यायची भाषाही ऐकण्यासारखी आहे. मुंबई-पुण्याचे आयजीएल म्हणे हिंदी-इंग्रजीत बोलतात. आमचा बांधावरून बोलावं तसा बोलतो. "दम धर की बे." "लिंबाच्या झाडामागं हाय त्यो." खेळातलं एरँगल हे काळ्या समुद्रातलं काल्पनिक रशियन वळणाचं बेट. हा खेळ काढणाऱ्या ब्रेंडन ग्रीननं आपल्या एरिन नावाच्या लेकीवरून त्याचं नाव ठेवलं. तिथं लिंब कुठून आला? पण तिघांनाही ते झाड लगेच सापडतं.

सरकारनं या पोरांचं राज्य दोनदा खालसा केलं. पहिल्यांदा 2 सप्टेंबर 2020 ला, बंदी घातलेल्या 118 ॲपांत पबजी मोबाइल गेलं. 2 जुलै 2021 ला तेच बीजीएमआय नावानं परत आलं. बारसं झालं, रक्त हिरवं झालं आणि 'किल'ला 'फिनिश' म्हणायचं ठरलं, त्यामुळं घरातल्या आजीला वाटू लागलं की पोरगा अभ्यासातलं काहीतरी संपवतोय. मग 28 जुलै 2022 ला तेही प्ले स्टोअरवरून गायब झालं आणि मे 2023 मध्ये परतलं, तेही 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास, अशा अटीवर. यातली खरी गंमत मधल्या काळात झाली. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत घेतलं. खेळाला मान्यता मिळाली तेव्हा यांचा खेळच बाजारात नव्हता. आमच्या आयजीएलनं ती बातमी मोबाइलवर उघडून वडिलांपुढं धरली. वडिलांचं आडत दुकान आहे. कागद वरून खालपर्यंत वाचायची सवय. त्यांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "यात तुझं नाव कुठंय?"

नाव यायचं तर ते एकाच वाटेनं येतं, हे त्यालाही ठाऊक आहे. बीजीआयएस ही देशातली मोठी स्पर्धा. 2021 च्या पहिल्या स्पर्धेत बक्षिसं एक कोटीची होती, 2024 मध्ये दोन कोटींची. सुरुवातीच्या फेऱ्या घरात बसूनच खेळायच्या. 2021 ला 15 सामने खेळून त्यातले उत्तम 10 धरायचे होते. दहावीला बेस्ट ऑफ फाइव्हवर तगलेल्या पिढीला हा नियम समजावून सांगावा लागला नाही. 2024 ची अंतिम फेरी हैदराबादला झाली, तेव्हा नांदेडच्या असॉल्टरनं गाडीचं वेळापत्रक पाठ केलं होतं. पात्रता फेरीतून हे तिसऱ्याच दिवशी बाहेर पडले होते, ही गोष्ट वेगळी. आयजीएलचे पणजोबा रझाकारांच्या काळात हैदराबाद संस्थानातून सुटायला म्हणून लढले. दर 17 सप्टेंबरला घरात त्यांच्या फोटोला हार घालतात. पणतू त्याच फोटोखाली बसून हैदराबादला जायची स्वप्नं बघतो.

हैदराबाद राहिलं, मग गल्लीतली स्पर्धा उरते. आमच्याकडं ती बहुधा कुणातरी 'भावी' माणसाच्या वाढदिवसाला असते. फ्लेक्सवर तीसेक फोटो, त्यात खेळणारा एकही नाही. बक्षीस अकरा हजार एकशे अकरा रुपये आणि भव्य चषक; चषकाची भव्यता पुठ्ठ्याची. मंगल कार्यालयात 16 संघ, एक वायफाय आणि भाषणांना चार जण. अशाच एका ठिकाणी संयोजकांनी खेळाच्या खोलीचा आयडी आणि पासवर्ड लाउडस्पीकरवरून जाहीर केला. दोन मिनिटांत आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली पोरं घरबसल्या आत शिरली आणि निम्मे संघ बाहेर राहिले. सामना रंगला म्हणतात. जिंकला सातवीतला एक पोरगा, तोही आजोळी सुट्टीला आलेला. आयजीएलनं निषेध नोंदवला आणि त्याच संध्याकाळी त्या पोराचा नंबर मिळवला.

हरल्यावर बैठक होते. क्रम ठरलेला. आधी नेटवर्कवर ठपका, मग विजेवर, मग 'थर्ड पार्टी'वर, म्हणजे दोघांच्या भांडणात मागून येऊन दोघांनाही गुंडाळणाऱ्या तिसऱ्यावर. आमच्या जिल्ह्यांत राजकारण करून बघितलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही. हे तिन्ही संपले की स्नायपरवर. मग संघात बदल. स्टेटसला हात जोडलेलं चित्र, 'तुझ्या पुढील वाटचालीस शुभेच्छा, भावा'. पुढील वाटचाल चार दिवसांची असते. दुसऱ्या संघातला स्नायपरही तेवढ्यात तिथून काढलेला असतो, आणि अदलाबदल होऊन सगळे आपापल्या जागी परत येतात. मे महिन्यात नीट आली की मात्र आयजीएलचंही काही चालत नाही. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नपुढं कुठलंच रोटेशन टिकत नाही. बापमंडळी फोन कपाटात ठेवतात आणि संघ सरळ मोडतो. निकालानंतर ज्यांचे मार्क कमी आले ते आधी परततात, असं भाच्याचं निरीक्षण आहे. त्यामुळं जून-जुलैत खेळाचा दर्जा नक्की काय होतो, यावर मी मत देत नाही.

उन्हाळ्यात फोन तापतो. 42 अंशांत पोको तापला की चित्र अडखळतं आणि शत्रू एका जागेवरून दुसऱ्या जागी उगवतो. म्हणून कूलरच्या तोंडाशी फोन धरून बसायची प्रथा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा वारा त्यात जातो. आमच्या आयजीएलच्या आजीनं यावर तोडगा काढलाय. ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसते आणि अधूनमधून विचारते, "किती उरले?" तोही आदरानं सांगतो, "बावीस, आज्जी." म्हातारीला आकडा कमी होत चाललेला आवडतो.

या खेपेला पात्रता फेरीआधी त्यानं बूटकॅम्प जाहीर केला. मोठे संघ म्हणे महिनामहिना एका बंगल्यात राहून सराव करतात. आमच्यासाठी बंगला म्हणजे माझा वरचा मजला, कारण औसा रोडला या टापूत इन्व्हर्टर माझ्याकडं आहे. नांदेडहून असॉल्टर एसटीनं आला, अहमदपूरहून स्नायपर धपाट्यांचा डबा घेऊन आला. आयजीएलनं आल्याआल्या घराची पाहणी केली. जिन्याची दिशा, खिडक्या, राउटरची जागा. मला म्हणाला, "मामा, तुम्ही सव्वानऊपासून राउटरपाशी खुर्ची टाकून बसा. कुनी बी आलं तर हात लावू द्यायचा नाही." मी विचारलं, माझा रोल काय? "होल्ड," तो म्हणाला.

मग तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. "मामी, सव्वानऊ ते पावणेदहा मिक्सर लावू नका. लोड येतो, वायफाय बसतं."

बायको शेंगदाण्याची चटणी काढायच्या तयारीत होती. ती म्हणाली, "बरं. पाटा-वरवंटा मागच्या अंगणात आहे. तुझा एक माणूस पाठव वाटायला."

आयजीएलनं क्षणभर विचार केला आणि स्नायपरला पाठवलं. तसाही तो त्या महिन्यात फॉर्मात नव्हता.