दातांचा निकाल

मुलांच्या दातांना तारा लावाव्यात का, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतले दंततज्ज्ञ सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी सुचवतात. मग एक्स-रे काढतात, जबड्याची वाढ पाहतात. केवढा हा वेळेचा अपव्यय! कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला लिंगायत संत मन्मथ स्वामींच्या समाधीचं दर्शन झालं, की धबधब्याच्या वाटेवर आत्या, मावश्या आणि चुलते हाच निकाल उभ्या-उभ्या लावतात. कसोटी एकच: लेकरू मुलगी आहे का?

असेल तर तारा. ‘उद्या पाहुणे बघायला येतेल.’ मुलगा असेल, तर दात ओठांबाहेर आले तरी ‘मिशी फुटली की झाकतंय.’ पुढे आलेले दात खेळताना पडून तुटण्याचा धोका जास्त असतो, असं दंतवैद्य सांगतात. पण त्यांना कुठे स्थळं जमवायची असतात? बसवेश्वरांनी बाराव्या शतकातच स्त्री-पुरुष समता सांगितली; त्यात दातांचा उल्लेख राहून गेला असावा.

शासनाने ही पद्धत तातडीने स्वीकारावी. दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात गुणमेलन शिकवावं. बायोडाटात उंची, वर्ण यांच्याखाली ‘दातांची ठेवण’ असा रकाना असावा, आणि तारांचं बिल लग्नखर्चात धरावं.

दीड-दोन वर्षं तारा सोसून पोरीचे दात एका ओळीत येतात. यथावकाश पाहुणे येतात, पोहे येतात आणि आई कानात सांगते, ‘खाली मान घालून बस. हसू नको.’

मुलाकडून होकार येतो. त्याचे दात कुणी विचारलेले नसतात.