गाण्याचा सातबारा

वडिलोपार्जित जमीन स्वतःच्या नावावर करून घेणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेलं गाणं स्वतःच्याच संगणकावरून स्वतःच्याच खिशातल्या प्लेअरवर न्यायचा प्रयत्न कधी केलेला नसतो. जमिनीच्या कामात निदान समोर माणूस असतो. तो चहा पितो, 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणतो, 'सोमवारी या' म्हणतो. गाण्याच्या कामात समोर एक निळी पट्टी असते. ती ९९ टक्क्यांपर्यंत येते आणि तिथंच बसते. सोमवारी या, एवढंसुद्धा म्हणत नाही.

गाणं सहजासहजी कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, ही कल्पना मात्र कॅलिफोर्नियाची नव्हे. त्यासाठी मिरजेपर्यंत गेलं तरी पुरे. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांनी ग्वाल्हेरला बडे महंमद खाँ यांची तान पडद्याआड बसून उचलली, अशी आख्यायिका गाणारी मंडळी पिढ्यानपिढ्या सांगतात. चोरून कॉपी मारण्याची आपल्याकडची ही पहिली गाजलेली केस. पुढं तीच ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हाल सोसून मिळवली आणि आपल्या मुलखात आणली. मिरजेत त्यांच्याकडून ती विष्णु दिगंबर पलुसकरांकडं गेली. चीज घराण्याबाहेर जाऊ द्यायची नाही, द्यावीच लागली तर अंतरा राखून ठेवायचा, असे उस्ताद होतेच. पण उस्ताद कधी ना कधी प्रसन्न होण्याची शक्यता असे. सॉफ्टवेअरची पायचेपी करून उपयोग नाही.

यंत्राच्या बाजूनं हा खटला सुरू झाला १९९८ साली. दक्षिण कोरियातून एमपीमॅन नावाचा प्लेअर आला. आत ३२ एमबी जागा, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचं गाणं. त्याच वर्षी अमेरिकेत रिओ आला आणि तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना लगोलग कोर्टाची पायरी चढली. कोर्टानं रिओला सोडून दिलं. तेव्हा कंपन्यांच्या ध्यानात आलं, की न्यायाधीशापेक्षा तलाठी बरा. आणि त्यांनी प्रत्येक संगणकात एकेक तलाठी नेमला.

ज्या सोनीनं १९७९ साली अख्ख्या जगाच्या कमरेला वॉकमन लावला, तिचा तलाठी सगळ्यांत कडक. गाणं प्लेअरवर न्यायचं म्हणजे 'चेक आउट', परत आणायचं म्हणजे 'चेक इन'. सुरुवातीच्या काळात एका गाण्याला तीनच चेक आउट मिळत. तीन उतारे संपले की आधीचा एक परत जमा करा, मग चौथ्याचं बघू. शिवाय तुमच्याकडं एमपीथ्री असेल तर ते आधी कंपनीच्या स्वतःच्या ॲट्रॅक लिपीत लिहून घ्यायचं. मोडी वाचणारे अजून चार लोक सापडतात. ॲट्रॅक वाचणारा प्लेअर आज धुंडाळावा लागतो.

ॲपलचं प्रकरण मात्र थेट महसूल संहितेतलं. आपल्याकडं वतनाच्या, इनामाच्या बऱ्याच जमिनी 'भोगवटादार वर्ग दोन'च्या असतात. कसायची, पिकवायची, खायची; पण साहेबांच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर करायची नाही. ॲपलच्या दुकानातून घेतलेलं गाणं हे असं वर्ग दोनचं होतं. नोंदवलेल्या पाच संगणकांवर वाजवा, आयपॉडवर वाजवा, दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर न्याल तर खबरदार. आयपॉड दुसऱ्याच्या संगणकाला जोडला, की पडद्यावर विचारणा: हे यंत्र दुसऱ्या संग्रहाशी जोडलेलं आहे, सगळं पुसून नव्यानं भरू का? 'बोजा नोंद आहे' म्हणण्याची ही त्यांची पद्धत. २००९ च्या जानेवारीत कंपनीनं ही कुलपं काढायचं जाहीर केलं, आणि जुनी गाणी वर्ग दोनमधून वर्ग एकमध्ये आणायची तर गाण्यामागं ३० सेंट भरा म्हणून सांगितलं. ही बातमी वाचली तेव्हाच, आपल्या महसूल खात्यातलं कुणीतरी प्रतिनियुक्तीवर कॅलिफोर्नियाला गेलंय, याची आमची खात्री पटली. नजराण्याची कल्पना इतक्या शुद्ध स्वरूपात परक्या माणसाला सुचणं शक्यच नाही.

आता गंमत बघा. आयपॉड निघाला २००१ साली आणि ॲपलचं गाण्यांचं दुकान भारतात उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. मधल्या वर्षांत साताऱ्यात पोवई नाक्यावर कुणाच्या कानात पांढऱ्या वायरी दिसल्या, तर 'कुठनं आणला' विचारायची रीत होती. आतली गाणी कुठनं आणली, हे विचारायची नव्हती. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. एसटी स्टँडाच्या आसपास, रिचार्जच्या दुकानाच्या काचेवर, हातानं रंगवलेल्या अक्षरांत ते लिहिलेलंच असायचं: 'गाणी भरून मिळतील.'

या तीन शब्दांच्या पाटीनं जे काम केलं ते तोक्यो आणि कॅलिफोर्निया मिळून करू शकले नाहीत. आत एक पोरगा, एक धूळ खाल्लेला संगणक आणि त्यात फोल्डर: 'जुनं दर्द', 'भक्ती', 'लावणी', 'हळदी स्पेशल', 'ट्रॅक्टर मिक्स'. कार्ड द्या, दहा-वीस रुपये द्या, तोवर समोर वडापाव खाऊन या. हे बेकायदाच होतं, त्यात आडपडदा नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि त्या वीस रुपयांतली दमडीसुद्धा गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला जात नव्हती. पण कायदेशीर गिऱ्हाइकाला चोर समजणारं यंत्र एका बाजूला आणि चोरीचा माल देऊन 'काका, वाजत नसलं तर परत या' म्हणणारं पोरगं दुसऱ्या बाजूला, असा सामना असेल तर सातारा-सांगलीची पंचक्रोशी कुणाकडं जाईल, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

हे सगळं आठवलं आमच्या सांगलीच्या दाजींमुळं. दाजी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, गावभागात राहणारे आणि नाट्यसंगीतावाचून घास न उतरणारे. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या गावात हा आजार आनुवंशिक आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा दाजींचं कॅसेटचं कपाट तिनं आतून धुऊन काढलं. मग हिंजवडीच्या चिरंजीवांनी नाटकांच्या सीड्या जमवल्या, संगणकात उतरवल्या आणि सोबत एक देखणा प्लेअर पाठवला. कंपनीचं नाव लिहीत नाही; आमच्या संपादकांना नोटिसांची हौस नाही.

संध्याकाळी दाजींचा फोन. "पाव्हणं, गाणी जाईनात."

साताऱ्यात बसून सांगलीतला संगणक दुरुस्त करणं, म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मी विचारलं, "दाजी, डिव्हाइस दिसतंय का?"

"दिसतंय की. टेबलावरच हाय."

"तसं नव्हे, पडद्यावर."

"पडद्यावर कसं दिसंल? टेबलावर हाय म्हटलं न्हाई का!"

सॉफ्टवेअरच्या मदत-पानावर जे उपाय होते ते सगळे झाले. संगणक बंद करून चालू करा. प्लेअर बंद करून चालू करा. दुसऱ्या भोकात लावा. सॉफ्टवेअर काढून टाका, नवं घ्या. नवं घेतलं तर ते म्हणालं, तुमचं विंडोज जुनं. विंडोज नवं केलं तर प्रिंटर गेला. प्रिंटरचा या खटल्याशी काहीएक संबंध नव्हता. पण कुळाच्या भांडणात बांधावरचं झाड जातं, तसा तो गेला. शेवटी ताई मागून म्हणाली, "अहो, ते विश्रामबागेतलं पोरगं हाय की मोबाइलवालं, त्याच्याकडं का जात न्हाई?"

पोरानं प्लेअर बघितला नाही, संगणक बघितला नाही, आधी केबल हातात घेतली. "काका, ही चार्जिंगची वायर आहे. यूएसबीत चार तारा लागतात, दोन करंटच्या, दोन डाटाच्या. स्वस्तातल्या वायरीत करंटच्या दोनच टाकतात. प्लेअर चार्ज होईल, गाणं कुठनं जाणार?" त्यानं दुसरी वायर लावली. टुंग झालं. मदत-पानावरच्या सगळ्या उपायांत 'वायर बदला' हा शब्द नव्हता. कारण वायर कंपनीची, आणि कंपनीचं चुकत नसतं.

पुढचा अडसर कार्डाचा. चिरंजीवांनी उदार मनानं ६४ जीबीचं कार्ड घातलेलं. ३२ जीबीच्या वरची कार्डं नव्या पद्धतीच्या फॉरमॅटनं आखून येतात, जुन्या वळणाच्या प्लेअरला ती आखणी वाचता येत नाही. आणि विंडोजची ती नेहमीची फॉरमॅटची चौकट ३२ च्या वर जुनी आखणी करून देत नाही. ही ३२ ची मर्यादा कुठल्या शास्त्राधारे आली, ते मायक्रोसॉफ्टच्या डेव्ह प्लमर नावाच्या माजी अभियंत्यानंच सांगून टाकलंय. १९९४ साली एका सकाळी त्यानं ती चौकट तात्पुरती म्हणून लिहिली आणि आकडाही त्याच बैठकीत ठरवला. चांगली चौकट पुढं कुणीतरी करेल, या भरवशावर. तीस वर्षं झाली. 'तात्पुरत्या स्वरूपात' या शब्दांची ताकद मंत्रालयाबाहेरही चालते, हे वाचून अभिमान वाटला. पोरानं कुठलंसं बारकं सॉफ्टवेअर काढून मिनिटात कार्ड आखून दिलं. प्लमरचं नावही त्यानं ऐकलेलं नव्हतं.

गाणी गेली. वाजू लागली. पण पडद्यावर गायकाचं नाव आलं: 'पंडित भीमस'.

दाजी खवळले. "अर्धवट नाव? ह्यांच्या बापाचं काय जातं पुरं लिहायला?" जातं ते असं: एमपीथ्रीच्या शेपटाला नावगाव लिहायची जी जुनी सोय आहे, तीत नावाला ३० खण असतात. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, वेलांटीला वेगळे तीन, अनुस्वाराला वेगळे तीन. 'पंडित' म्हणेपर्यंत पंधरा खण जातात, मोकळ्या जागेला एक. उरलेल्या चौदांत 'भीमस' बसतो, पुढच्या मात्रेला जागा नाही. म्हणजे आदरानं 'पंडित' लिहिलं की माणूस कापला जातो. पोरगा म्हणाला, "काका, 'पंडित' काढू का? 'भीमसेन' तरी पुरं बसेल." दाजींनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो पुन्हा बोलला नाही. ते आजही 'पंडित भीमस' आहे.

घरी येऊन दाजींनी उरलेलं एक नाटक स्वतः भरलं. सगळ्या फायली निवडल्या, शेवटचीला पकडून ओढलं. पकडलेली फाईल आधी जाते, बाकीच्या तिच्यामागं. आणि साधे प्लेअर ज्या क्रमानं फायली लिहिल्या त्याच क्रमानं वाजवतात, आपण घातलेले आकडे वाचत नाहीत. त्यामुळं नाट्यपंढरीच्या गावभागात, त्या रात्री आधी भरतवाक्य झालं आणि मग नांदी.

या सगळ्या घोळाचा अर्थ फक्त एका कंपनीला नीट कळला, असं माझं मत. २०१७ साली सारेगामानं 'कारवां' काढला. दिसायला जुना रेडिओ, आत आधीच भरलेली ५००० गाणी. लोक म्हणाले, जुन्या आठवणी विकल्या. आठवणी कसल्या! गाणं कुठून कुठं न्यावं लागणार नाही, एवढंच विकलं, आणि घराघरांत आजोबांच्या उशाशी ते जाऊन बसलं. दाजींनी तो घेतला नाही, कारण त्यांच्या आवडीचं नाटक आत आहे की नाही हे दुकानदाराला सांगता येईना.

परवा चिरंजीवांनी हा जाच कायमचा मिटवायचा म्हणून दाजींच्या फोनवर वर्गणीचं ॲप टाकलं. सगळं आकाशात, काही भरायला नको. दाजींनी शंभरेक पदं फोनवर उतरवून ठेवली आणि नेट बंद करून टाकलं. पैसे वाचवायची सवय. महिन्यानं पदं गायब. अशा ॲपांचा नियम असतो, ३० दिवसांतून एकदा तरी नेट लावून हजेरी द्यायची, नाहीतर उतरवलेलं सगळं जप्त.

"पेन्शनीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात एकदा देतो मी बँकेत," दाजी म्हणाले. "हे दर म्हैन्याला मागणार? आन् कुणाच्या हयातीचा, माझ्या का गाण्याच्या?"

मी म्हटलं, दोघांच्याही असावा.

तर आता ते पुन्हा विश्रामबागेत जाऊन कार्डच भरून घेणार आहेत. पोरानं मात्र बजावलंय, यायचं तर ऑक्टोबर संपायच्या आत या. एकदा कारखान्याचं धुराडं पेटलं, की ऊसवाल्या ट्रॅक्टरांची पेन ड्राइव्ह भरायला रांग लागते, आणि मग 'ट्रॅक्टर मिक्स'च्या पुढं नाट्यसंगीताचा नंबर काही लागत नाही.