बादशहाचे दोन-तीन झुरके

तामलवाडीच्या फाट्यावर कुणाला बिडी सोडायला सांगू नका, इतिहास ऐकावा लागतो. "मोठमोठी माणसं ओढत हुती की ओ!" म्हणत वक्ता काडी पेटवतो आणि यादी सुरू होते. सेनापती, शास्त्रज्ञ, शायर. यादीचा मुकुटमणी अकबर.

अकबराचं खोटं नाही. १६०४ च्या सुमारास त्याचा दरबारी असद बेग विजापूरला गेला होता, शाहजादा दानियालची वधू आणण्याच्या कामी. तिथं त्याला तंबाखू सापडली. ती त्यानं रत्नजडित नळीसकट बादशहापुढं ठेवली. बादशहानं दोन-तीन झुरके घेतले, हकीम आडवा आला, आणि बादशहानं ते व्यसन काही लावून घेतलं नाही. संपलं.

पण फाट्यावर ते संपत नाही. त्या दोन-तीन झुरक्यांच्या जिवावर इथं सकाळपासून बंडलं सुटतात. परवा तर एकानं असद बेगाला थेट सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आणला. "विजापूरहून वर जायला दुसरी वाट कुठली? हितूनच गेला आसंल." पुरावा मागितला, धूर मिळाला. उद्या टपरीवर पाटी लागेल, परवा बादशहाची जयंती होईल, तेरवा शाही झुरक्याच्या स्मारकासाठी वर्गणीचं पुस्तक फिरेल आणि पावतीच्या मागं सभासदाच्या फुफ्फुसाचं चित्र छापायचं की बादशहाचं, यावरून दोन गट पडतील. मी विचारलं, हकिमाचं काय? तो यादीत नसतो. बरं, त्याच अकबराच्या पोरानं, जहांगीरनं, १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, त्याचं काय? "त्यो दारुडा! त्याचं काय ऐकायचं?" दानियाल १६०५ मध्ये दारूपायीच गेला, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. लगेच दुसरी यादी निघाली असती.

थोरांचं नेमकं एवढंच कसं उचलता येतं रे तुम्हाला? अकबर रोज ग्रंथ वाचून घेत असे. फाट्यावर पेपर येतो तो भजी बांधायला. आणि ज्या बिडीला तुम्ही बादशाही चढवता, ती सोलापूरच्या बायका मान मोडून वळतात. पान भिजवा, कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा. मजुरी हजार बिड्यांमागं, आणि नापास बिडी म्हणजे फुकटची मेहनत. दिवसभर तंबाखूची धूळ छातीत जाते ती त्यांच्या, न ओढता. त्यांच्यातली एक तरी तुमच्या थोरांच्या यादीत आहे का?

हे मी जरा आवाज चढवूनच विचारलं. वक्त्यानं शांतपणे नवं बंडल फोडलं.

"त्यांच्या पोटासाठीच तर ओढतोय की ओ. आमी बंद केलं तर त्या बायांनी काय खायाचं?"