अर्धा कोयता

विरह आपल्याला शोभून दिसेल, अशी माझी फार दिवसांची समजूत होती. संस्कृत शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या, कपाळ अंमळ रुंद होत चाललेल्या आणि संध्याकाळी केदारेश्वराच्या देवळापाशी एकटेच बसण्याची सवय असलेल्या गृहस्थाची पत्नी लग्नानंतर महिन्याभरात सातासमुद्रापलीकडे निघून जावी आणि तिच्या मागोमाग जाण्याचा परवाना मात्र त्याला मिळू नये, यात काव्याला लागणारी सर्व सामग्री सिद्ध होती. गावाने ती ओळखावी एवढेच बाकी होते. त्यासाठी मी माझ्याकडून कसूर केली नाही. चालुक्यकालीन सुरसुंदरींच्या पायाशी मी अशा बेताने बसे की, मावळतीचा प्रकाश नेमका माझ्या उजव्या गालावर पडावा. जाणारे-येणारे थबकत, हे खरे, पण "मास्तर, हितं रेंज येतीय का?" एवढेच विचारून पुढे जात.

माझ्यासमोर आदर्श होता तो अर्थातच मेघदूतातल्या यक्षाचा. (रामगिरी म्हणजे आपले रामटेकच, हे संशोधक मिराशींचे मत मला मनापासून मान्य आहे, त्यायोगे यक्ष निदान शापकाळापुरता तरी महाराष्ट्राचा रहिवासी ठरतो.) परंतु जसजसे दिवस जाऊ लागले तसतसा हा यक्ष मला खटकू लागला. कुबेराने त्याला शिक्षा फर्मावली ती मोजून एका वर्षाची. कार्तिकी एकादशीला विष्णू शेषशय्येवरून उठले की मुदत संपली, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ज्याच्या हातात तारीख आहे त्याने ढगांना निरोप सांगत बसावे, ही केवळ चैन आहे.

माझी पत्नी परिचारिका. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात तिने काही वर्षे काढली, नंतर परीक्षा दिल्या, अमेरिकेने तिला आपण होऊन कायमची रहिवासी करून घेतले आणि त्यानंतर ती रजा काढून आली व माझ्याशी विवाहबद्ध झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. ती तिथली नागरिक असती तर तिचा नवरा 'निकटचा नातेवाईक' ठरला असता आणि त्याच्यासाठी संख्येची मर्यादा नसती. ती नुसती रहिवासी असल्यामुळे मी 'एफ-टू-ए' नामक वर्गात पडलो. या वर्गात दरसाल किती जणांना घ्यावयाचे हे कायद्याने ठरलेले आहे, आणि रांगेत तुमची जागा ठरते ती पत्नीने दरखास्त दाखल केल्याच्या तारखेवरून. तिथले परराष्ट्र खाते दर महिन्याला एक पत्रक काढते. त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की तुम्हाला मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीचे बोलावणे. आमच्या आजोबांचे निजामाच्या अमदानीत पटवारीपणात आयुष्य गेले. त्यांनी पंचांग पाहिले नसेल इतक्या निष्ठेने मी हे पत्रक पाहतो. फरक इतकाच की, पंचांगातली तिथी क्षय पावली तरी मागे जात नाही. इथली जाते! जुलै 2019 पासून मार्च 2023 पर्यंत आमच्या वर्गाला रांगच नव्हती, दार सताड उघडे होते. एप्रिल 2023 मध्ये ते लोटले गेले आणि तारीख एकदम सप्टेंबर 2020 वर जाऊन बसली. आमच्या गुरुजींनी मुहूर्त काढला तो यानंतरचा. गुरू-शुक्राचे अस्त त्यांनी पाहिले होते, हे पाहिले नव्हते.

पुढचा प्रकार मात्र थेट माझ्या पुरुषार्थालाच भिडला. प्रकरण मुलाखतीच्या टप्प्यावर येताच पत्नीला सरकारजमा एक हमीपत्र करून द्यावे लागते. त्याचा मजकूर असा की, मजकूर इसमास मी पोशीन, त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडू देणार नाही, आणि माझी मिळकत दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे. "मजकूर इसम" म्हणजे मी. ही हमी केव्हा संपते? इसम नागरिक झाला, त्याच्या नावे कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या, तो देश सोडून कायमचा गेला किंवा दोघांपैकी कोणी मेले तर. घटस्फोटाने ती संपत नाही. सप्तपदीच्या वेळी अग्नीसमोर मी जी वचने दिली ती कोणत्याही कोर्टात वसूल होण्याजोगी नव्हती; हिचे वचन आहे. नमुना वाचून झाल्यावर ती फोनवर इतकी हसली की, रात्रपाळीच्या तिच्या सहकारिणी धावत आल्या. मी मात्र तो सारा दिवस वर्गात मनुस्मृतीतले 'भर्ता' (म्हणजे पोसणारा) हे पद टाळून शिकवीत होतो.

अशा प्रसंगी माझा एकमेव आधार म्हणजे गोपाळराव जोशी. विषयांतर होत आहे हे मला दिसते, पण मागे राहिलेल्या नवऱ्यांच्या पंथाला दुसरे दैवत नाही. डॉक्टर आनंदीबाईंचे चरित्र सारा महाराष्ट्र जाणतो; पोस्टातल्या त्या विक्षिप्त कारकुनाकडे आम्ही लोकांनी मात्र पुरेसे पाहिलेले नाही. बायकोला शिकवायचे या एकाच ध्यासाने त्यांनी वाइल्डर नावाच्या पाद्र्याला पत्र घातले, त्या गृहस्थाने आधी धर्म बदला असे सुचविले आणि तो सर्व पत्रव्यवहार प्रिन्स्टनच्या मिशनरी नियतकालिकात छापून टाकला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता तो त्यांच्या वाचनात आला. आपल्या देशातली पहिली स्त्री-डॉक्टर एका परकीय बाईच्या दाढदुखीतून निघाली, हे ज्याला गमतीचे वाटत नाही त्याने इतिहास वाचू नये. 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून अठरा वर्षांच्या आनंदीबाई बोटीत बसल्या आणि गोपाळराव नोकरीपायी मागे राहिले. आता पाहा: त्या साली त्यांना व्हिसा लागला नाही! हमीपत्र नाही, रांग नाही, मुलाखत नाही. अडसर होता तो भाड्याच्या पैशांचा आणि आपल्याच समाजाच्या जिभेचा. अमेरिकेने आपल्या लोकांना दार लावले ते 1917 साली. 1946 साली ते किलकिले केले, म्हणजे वर्षाला शंभर भारतीय. आणि नीट उघडले ते 1965 च्या कायद्याने. सबब गोपाळराव हे माझ्यापेक्षा सुदैवी होते, असा निष्कर्ष मी एकदा शिक्षकांच्या खोलीत मांडला. भूगोलाचे शिक्षक म्हणाले, "सुदैवी कसले? बायकोला पत्रांतून बोल लावण्यातच त्यांचे दिवस गेले."

हेही खोटे नाही. गोपाळरावांची ती पत्रे कठोर आहेत, संशयी आहेत. तिचा पेहराव, तिचे वागणे, सगळ्यांवर त्यांची नजर. ज्या माणसाने हट्टाने बायकोला पाठविले तोच तिच्या दूर असण्याने कडवट होत गेला. पुढे तेही तिकडे पोहोचले, 1886 च्या अखेरीस दोघे परतले, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात ती गेली, बाविसाव्या वर्षी. मी गोपाळरावांवर लट्टू आहे खरा. पण "रात्री जागू नकोस, काढा घे, बाहेरचे खाऊ नकोस" असे सणसणीत पत्र तिला लिहिण्याची ऊर्मी मला येते तेव्हा तो पोस्टाचा कारकून माझ्या खुर्चीत येऊन बसल्याचा भास होतो आणि मी लेखणी ठेवतो. शिवाय तिची उत्तरेही फार लहान असतात. मी दोन पृष्ठे कालिदासीय शैलीत लिहिली असता "वाचलं. छान. झोपते," असे आले. रात्रपाळी सकाळी सातला सुटते, तेव्हा आमच्याकडे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच; ते सरकार घड्याळदेखील वर्षातून दोनदा सरकविते. उन्हाळ्यात शेवटचा तास चालू असताना माझ्या खिशातला फोन थरथरतो आणि मुले एकमेकांकडे पाहतात.

गावाने माझी यक्षपदवी मान्य केली नाही. त्याने मला दुसरी दिली. आमच्या शेजारच्या आत्याबाई एकदा ओट्यावरून म्हणाल्या, "बायकू तिकडं अन् तुमी हिकडं. अर्धा कोयता झाला की वो मास्तर तुमचा." बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो की, ऊसतोडीत मुकादम मोजतो ती माणसे नव्हेत, जोडपी, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल (आगाऊ रक्कम) त्या कोयत्यावर. एकट्या गड्याची उचल अर्धी. जोडी खरी आहे का, लग्नाचा दाखला आहे का, फोटोत दोघे हसताहेत का, हे मुकादम कधी विचारीत नाही. वकिलातीसाठी मला ते सर्व जुळवावे लागले. ग्रामसेवकाच्या सहीचे विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र, पत्रिका, आणि ज्यात मी हार सावरताना जमाखर्च तपासत असल्यासारखा दिसतो ती सगळी छायाचित्रे. त्यांनी जोडी मोडून पुरावा मागितला. इथे पुरावा न मागता जोडी उचलून नेतात.

आणि नेतात ती जोडीच. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सांगली-कोल्हापुराकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि माझ्या वर्गातले मागचे बाक ओस पडतात. काही लेकरे आईबापांबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आत्याबाईंसारख्या म्हाताऱ्यांजवळ. आत्याबाईंकडे अशी दोन नातवंडे आहेत. धाकटा सातवीत माझ्या वर्गात असतो. आईचा फोन आला की तो बोलत नाही, नुसता ऐकतो, आणि फोन ठेवल्यावर आजीवर खेकसतो. माझ्या विरहाला निदान श्लोक आहेत. सहा महिन्यांसाठी बापाचा आणि आईचा असा दुहेरी विरह ज्याच्या वाट्याला दरसाल येतो, त्याच्यासाठी कुणी काव्य केलेले माझ्या तरी वाचनात नाही, आणि या गोष्टीचा मला जितका संताप यावयास हवा तितका येण्याऐवजी हजेरीपटावर मी "गैरहजर" असे सुवाच्य अक्षरांत लिहितो.

या सातवीतल्या विद्वानाने परवा शेवटच्या तासाला, खिशातला फोन थरथरल्याबरोबर, हात वर करून विचारले, "सर, आमच्या आईबापाच्या कारखान्याचा पट्टा पडला की ते येत्यात. तुमच्या अमेरिकेचा पट्टा कधी पडंल?"

(पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे.) वर्ग हसला. मी कर्मणि प्रयोग पुढे चालू केला. शाळा सुटल्यावर हा प्रश्न मी तिला जसाच्या तसा कळविला, आणि सोबत यक्ष, कुबेर व पत्रकातली या महिन्याची तारीख यांविषयी माझे चिंतनही जोडले. या वेळी तिने फोनच केला. दमलेली होती, मागे बसची घरघर ऐकू येत होती.

"त्याला सांगा, तुमची तारीख आधी लागते का मी आधी नागरिक होते, यावर पैज लावा म्हणावं," ती म्हणाली. "आणि अहो, पुढं त्या हमीपत्रावर सही करायचीय म्हणून विचारते, दुपारी जेवलात का?"

मी जेवलो नव्हतो. जेवलो असे सांगितले. "भाजी कोणती होती?" तिने विचारले.